निमिषार्धाची मुद्रा



'चोराच्या मनात चांदणे' ही म्हण वाक्यात उपयोग करण्यासाठी तुम्ही पाठ करता. गतवर्षीच्या सहामाही परीक्षेत मी तिचा जो उपयोग केला तो सर्वस्वी चुकीचा होता, आणि प्रस्तुत लेखाचा उगम त्या चुकीत आहे.

नववीच्या वर्गावर माझे पर्यवेक्षण होते. निम्मा वेळ उलटला असेल. शिपाई काही कागद घेऊन दाराशी आला. ते घेऊन मी मागे वळते तोच तिसऱ्या बाकावरील एका मुलाच्या चेहऱ्यावर काहीतरी चमकून गेलेले मला दिसले. भुवया वर खेचल्या गेल्या, डोळे विस्फारले, ओठ आडवे ताणले गेले. आणि पापणी लवते न लवते तोच चेहरा पूर्ववत् झाला. मी त्याच्या बाकाकडे गेले तेव्हा तो खाली मान घालून, नको इतक्या शांतपणे, लिहीत होता. आपण पाहिली ती भीतीच, याविषयी माझ्या मनात तिळमात्र संशय नव्हता. मी त्याला उभे केले, कंपासपेटी उघडायला लावली, खिसे उलटे करायला लावले, उत्तरपत्रिकेची पाने झटकून पाहिली. काहीही निघाले नाही. साऱ्या वर्गादेखत त्याची दहा मिनिटे गेली. शेजारच्या वर्गावरील सहकारी बाईंना मी म्हटले, "चोराच्या मनात चांदणे, दुसरे काय!"

दुसऱ्या दिवशी कळले, की त्या सकाळी त्याच्या आईवर रुग्णालयात शस्त्रक्रिया चालू होती. पेपर बुडू नये म्हणून घरच्यांनी त्याला पाठविले होते, आणि तसेच काही झाले तर शाळेत निरोप देऊ, असेही सांगितले होते. शिपाई दाराशी दिसताच त्या मुलाच्या काळजाचे काय झाले असेल, याची कल्पना तुम्हीच करा. (आई यथावकाश सुखरूप घरी आली, हे येथेच सांगून टाकते.) मी त्याची सर्वांसमोर क्षमा मागितली, पण ती दहा मिनिटे मला त्याला परत देता आली नाहीत.

म्हणजे भीती मी अचूक वाचली होती, आणि तिचे कारण मात्र साफ चुकीचे वाचले होते. या दोन वाचनांत केवढे अंतर आहे ते समजून घ्यावे, या हेतूने मी या विषयाच्या मागे लागले. त्यातून जे हाती आले त्यातील काही भाग तुमच्यापुढे ठेवीत आहे.

संस्कृतात 'निमिष' या शब्दाचा अर्थ पापणी लवण्यास लागणारा काळ असा आहे. आजच्या मापाने तो सेकंदाच्या दहाव्या भागापासून तिसऱ्या भागापर्यंत असतो. मनुष्य एखादी भावना दडपू पाहतो, तेव्हा ती दडपली जाण्यापूर्वी चेहऱ्यावर क्षणमात्र उमटून जाऊ शकते. हा क्षण सर्वसाधारणपणे सेकंदाच्या पंचविसाव्या भागापासून पाचव्या भागाइतका मानतात. काही अभ्यासक ही मर्यादा अर्ध्या सेकंदापर्यंत नेतात. चित्रपटाच्या पडद्यावर एका सेकंदात २४ चित्रे सरकतात. तेव्हा यांतील अतिशय जलद मुद्रा जेमतेम एका चित्रात मावेल! हिलाच आपण क्षणिक मुखभाव म्हणू.

या मुखभावांचा शोध खरोखर चित्रपटाच्या फितीवरच लागला. अमेरिकेत हॅगार्ड आणि आयझॅक्स हे दोन अभ्यासक मानसोपचाराच्या भेटींचे चित्रण संथ गतीने पाहात असता त्यांना अशा मुद्रा आढळल्या, आणि १९६६ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. नुसत्या डोळ्यांना या मुद्रा दिसणे शक्य नाही, असे त्यांचे मत होते. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीझन यांनी हे मत पुढे खोडून काढले. त्यांच्याकडे एका रुग्ण स्त्रीचे चित्रण होते. मला आता बरे वाटते, मला घरी जाऊ द्या, असे ती डॉक्टरांना हसतमुखाने सांगत होती; परंतु नंतर तिने आपण होऊन कबूल केले, की घरी जाऊन जिवाचे बरेवाईट करून घेण्याचा आपला बेत होता. ती फीत पुनःपुन्हा, एकेक चित्र थांबवून पाहिली तेव्हा एका प्रश्नाच्या उत्तरापूर्वी तिच्या चेहऱ्यावर तीव्र वेदना सेकंदाच्या सुमारे बाराव्या भागापुरती उमटलेली आणि लगेच हास्याखाली झाकली गेलेली त्यांना सापडली. या विद्येचे नाव पुढे चोर आणि लबाड पकडण्याशी जोडले गेले. पण तिच्या आरंभी एक दुःखी स्त्री आहे, हे मला विसरवत नाही.

आता आपल्या घराकडे वळू. माझे माहेर कारवारचे. आमच्या कोकणीत चेहऱ्याला 'मुखामळ' असा गोड शब्द आहे. मुखकमलाचेच ते रूप. मराठीत शिकवू लागल्यावर मला आढळले, की चेहऱ्याच्या सूक्ष्म हालचालींची मराठीइतकी बारकाईने नोंद ठेवणाऱ्या भाषा थोड्याच असतील. नाक मुरडणे, कपाळाला आठ्या घालणे, डोळे वटारणे, भुवया उंचावणे, दातओठ खाणे, तोंड उतरणे, चेहरा गोरामोरा होणे, काळवंडणे, ओठ काढणे. या प्रत्येक वाक्प्रचारात एकेका स्नायूचे किंवा त्वचेखालील रक्ताचे काम आहे. एकमन व फ्रीझन यांनी १९७८ साली चेहऱ्याच्या हालचालींची जी क्रमवार पद्धती प्रसिद्ध केली, तिच्यात चाळीसहून अधिक मूळ हालचालींना क्रमांक दिले आहेत. त्यात भुवया खाली ओढून जवळ आणणे ही चौथी हालचाल, म्हणजे आपल्या आठ्या. नाक आक्रसणे ही नववी, म्हणजे आपले नाक मुरडणे. ओठांचे कोपरे वर खेचणे ही बारावी, ते हास्य. शास्त्रज्ञांनी क्रमांक दिले, आपल्या आजीने वाक्प्रचार दिले.

हास्याविषयी थोडे अधिक. फ्रान्समधील डॉक्टर ड्युशेन यांनी चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे सौम्य धक्के देऊन त्यांची छायाचित्रे घेतली आणि १८६२ साली ती ग्रंथरूपाने छापली. ओठांचे कोपरे आपण इच्छेने वर नेऊ शकतो. परंतु मनापासूनच्या आनंदात डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकुंचन पावतो, गाल वर येतात आणि डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या पडतात, हे त्यांनी दाखविले. स्नेहसंमेलनाचे सामूहिक छायाचित्र काढून पाहा: कोण छायाचित्रकारासाठी हसले आहे आणि कोण शेजारच्याच्या विनोदाला, हे बहुधा डोळ्यांवरून कळेल. 'बहुधा' अशासाठी म्हटले, की डोळ्यांचे हे हास्यही अनेकांना ठरवून आणता येते, असे पुढील अभ्यासात दिसून आले आहे.

भरतमुनींचे नाट्यशास्त्र या विषयात किती खोल गेले आहे, हे पाहून मी तर थक्क झाले. (त्याचे मराठी भाषांतर गोदावरी केतकर यांनी केले आहे.) आठव्या अध्यायात ३६ प्रकारच्या दृष्टी सांगितल्या आहेत, भुवयांची ७ कर्मे, नाकाची ६, गालांची ६, खालच्या ओठाची ६, शिवाय चेहऱ्याच्या रंगाचे, म्हणजे मुखरागाचे, ४ प्रकार. त्यांतील 'श्याम' म्हणजेच आपला काळवंडलेला चेहरा. स्थायी भाव ८. पण येणारे-जाणारे, लाटांसारखे उठून विरणारे व्यभिचारी भाव ३३. या तेहतीसांत एक भाव आहे 'अवहित्था'. तिचा अर्थच मुळी मनातील भाव लपविणे असा आहे. लज्जा, भय, पराजय, कपट ही तिची कारणे. आणि भलतेच बोलणे, खाली पाहणे, बोलता बोलता अडखळणे, उसने धैर्य आणणे ही तिची लक्षणे. माझ्या त्या विद्यार्थ्याचे 'नको इतक्या शांतपणे' लिहिणे आठवले, आणि भरतमुनींनी त्याला माझ्यापेक्षा अधिक चांगले ओळखले असते असे वाटले. लपविण्याचे कारण भय असू शकते, केवळ कपट नव्हे, हे त्यांनी मांडूनच ठेवले आहे.

तथापि एक भेद लक्षात ठेवावा. नट जी मुद्रा शिकतो ती दिसावी म्हणून. नाट्यगृह फार मोठे बांधू नये, कारण मग नटाच्या मुखावरील भाव प्रेक्षकांना अस्पष्ट होतात, असे भरतमुनी बजावतात. ६४ हात लांब व ३२ हात रुंद असे मध्यम नाट्यगृह ते पसंत करतात. इंदुरात देवळालीकर गुरुजींच्या हाताखाली बेंद्रे यांच्यासारखे चित्रकार घडले. चित्रकाराला तर समोरचा चेहरा तासन् तास स्थिर हवा. क्षणिक मुखभाव मात्र दिसू नये म्हणून धडपडणारा असतो. म्हणून त्याच्या अभ्यासाला निराळे साधन लागते.

साधनांकडे वळण्यापूर्वी एक मौजेची हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. चेहऱ्यावरील भाव सर्व मानवजातीत सारखेच असतात काय, हे ठरविण्यासाठी चार्ल्स डार्विन यांनी १८६७ साली १६ प्रश्नांची एक छापील यादी जगभर पाठविली. ती आपल्याकडेही आली. कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानातील स्कॉट यांनी फार उपयुक्त माहिती पाठविली. अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, अर्स्किन यांनीही प्रयत्न केला. पण त्यांना खात्रीलायक निष्कर्ष काढणे कठीण गेले. कारण काय, तर गोऱ्या माणसांसमोर आपले सर्व भाव लपवून ठेवण्याची येथील लोकांची सवय! हे डार्विन यांनी १८७२ सालच्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. अर्स्किन यांनी कानडा जिल्ह्याचे न्यायाधीश वेस्ट यांच्याकडूनही माहिती मिळविली, असे तेथे म्हटले आहे. तेव्हा आमच्या मुलखातील एखाद्या आजोबांची मुद्रा त्या ग्रंथामागे कोठेतरी असेल, या विचाराने मला उगीचच अभिमान वाटतो. पण मुख्य मुद्दा असा, की नगरच्या बाजारातील तो मनुष्य आपसांत बोलताना दगडासारखा नसणार. साहेब आला की चेहरा मिटत असे. पाहणाराच कोण आहे, यावर दिसणारे अवलंबून असते. आणि वर्गात शिक्षक हाही एक प्रकारचा साहेबच असतो.

आता सरावाची साधने. यांतील जुने साधन म्हणजे टॅकिस्टोस्कोप: पडद्यावर एखादे चित्र सेकंदाच्या अल्पांशापुरते दाखवून लगेच झाकणारे यंत्र. दुसऱ्या महायुद्धात सॅम्युअल रेनशॉ या मानसशास्त्रज्ञाने याच रीतीने अमेरिकेच्या नौदलाला शत्रूची विमाने एका दृष्टिक्षेपात ओळखण्याचे शिक्षण देण्याची पद्धत बसविली. विमानाच्या जागी चेहरा ठेवला की आपला विषय झाला. पुढे संगणक आल्यावर यात एक महत्त्वाची सुधारणा झाली. आधी भावशून्य चेहरा, मग पंधराव्या किंवा पाचव्या भागापुरता भावयुक्त चेहरा, आणि लगेच पुन्हा तोच भावशून्य चेहरा, अशी मांडणी करण्यात आली. कारण चित्र नुसते झाकले तर त्याची प्रतिमा डोळ्यांत क्षणभर रेंगाळते आणि परीक्षा सोपी होते. मागोमाग दुसरा चेहरा आला की ती पुसली जाते.

एकमन यांनी अशा प्रकारचे सरावाचे साधन या शतकाच्या आरंभी तयार केले. त्यात राग, किळस, तुच्छता, भीती, आश्चर्य, दुःख आणि आनंद असे सात भाव आहेत. प्रथम परीक्षा होते. मग ज्या जोड्यांत हमखास गल्लत होते त्या शेजारी शेजारी ठेवून संथ गतीने समजाविल्या जातात. भीती आणि आश्चर्य यांत दोन्हीकडे भुवया वर जातात व डोळे मोठे होतात. परंतु आश्चर्यात भुवया कमानीसारख्या गोल आणि जबडा सैल, तर भीतीत भुवया वर जाऊनही एकमेकींकडे ओढलेल्या, सरळ, आणि ओठ कानांकडे ताणलेले. राग आणि किळस यांत रागाचे केंद्र भुवया व आवळलेले ओठ. किळसेचे केंद्र नाक व वरचा ओठ. तुच्छतेत ओठाचा एकच कोपरा हलतो. यानंतर सराव आणि शेवटी पुन्हा परीक्षा. मी स्वतः अशा एका साधनावर बसले तेव्हा पहिल्या परीक्षेत माझी निम्म्याहून अधिक उत्तरे चुकली. बारा वर्षे मुलांचे चेहरे पाहण्यात घालविलेल्या शिक्षिकेची ही कथा! आनंद तेवढा दर वेळी ओळखला. भीतीला मी आश्चर्य म्हणत राहिले. तासाभराच्या सरावाने मात्र खरोखर फरक पडला. हा अनुभव माझ्या एकटीचा नाही. मात्सुमोतो व ह्वांग यांनी २०११ साली दाखविले, की अशा सरावाने मिळविलेले कौशल्य दोन-तीन आठवड्यांनंतरही टिकून असते. स्किझोफ्रेनिया या मनोविकारात इतरांचे भाव ओळखणे कठीण जाते. त्या रुग्णांनाही या सरावाचा लाभ झाल्याचे २००६ सालच्या एका अभ्यासात आढळले. केम्ब्रिज येथे सायमन बॅरन-कोहेन यांच्या मार्गदर्शनाखाली स्वमग्न व्यक्तींसाठी ४१२ भावांचा एक सचित्र कोशच संगणकावर तयार झाला. आणि चेहरे परदेशीयांचेच का असावेत, असे तुम्ही विचाराल, तर खरगपूरच्या आय. आय. टी.मध्ये ५० भारतीय व्यक्तींच्या स्वाभाविक भावांच्या ४२८ चित्रफितींचा संग्रह सिद्ध झालेला आहे.

येथवर सर्व ठीक. पण या विद्येच्या जोरावर खोटे पकडता येते, हा जो बोलबाला झाला, त्याचे काय? पोर्टर आणि टेन ब्रिंकी यांनी २००८ साली ६९७ मुखभाव एकेक चित्र थांबवून तपासले, तेव्हा क्षणिक मुखभाव अवघे २ टक्के निघाले. तेही अर्ध्याच चेहऱ्यावर, आणि खरा भाव दाखविणाऱ्यांतही आढळले. अमेरिकेच्या विमानतळांवर प्रवाशांचे वर्तन व चेहरे पाहून संशयित निवडण्याच्या योजनेवर २००७पासून सुमारे ९० कोटी डॉलर खर्च झाले. सरकारच्याच हिशेब-तपासनीस खात्याने २०१३ साली अहवाल दिला, की अशा लक्षणांवरून कपट ओळखणे हे नाणेफेकीहून फारसे सरस असल्याचा पुरावा नाही. २०१९ साली एकमन यांच्या साधनाचीच परीक्षा झाली. त्यावर शिकलेले लोक खोटे ओळखण्यात न शिकलेल्यांहून वरचढ ठरले नाहीत. त्याच वर्षी लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर मुळावरच बोट ठेवले: रागावलेला मनुष्य नेहमी कपाळाला आठ्या घालतोच असे नाही, आणि आठ्या घालणारा नेहमी रागावलेला असतोच असे नाही. गणित सोडविणाऱ्या मुलाकडे पाहा, म्हणजे दुसऱ्या अर्ध्याची खात्री पटेल.

खरे सांगायचे तर एकमन यांनीही हा धोका ओळखला होता. त्यांनी त्याला 'ऑथेल्लोची चूक' असे नाव दिले. शेक्सपिअरच्या त्या नाटकाचे गोविंद बल्लाळ देवलांनी 'झुंजारराव' असे मराठी रूपांतर केले, ते तुमच्यापैकी काहींनी वाचले असेल. नायक पत्नीवर आळ घेतो. तिच्या मुद्रेवर भय आणि दुःख उमटते. आणि तेच तो अपराधाची कबुली समजतो. आपल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, ही निर्दोष माणसाची भीती; आणि आपण पकडले जाऊ, ही अपराध्याची भीती. या दोहोंत भुवया त्याच, डोळे तेच, ओठ तेच. कोणतेही साधन यांतील भेद सांगू शकत नाही. माझ्या प्रकरणात तर तिसरीच भीती होती.

ज्यांना हा अभ्यास करून पाहावयाचा असेल त्यांनी सुटीत घरी, वडील मंडळींच्या परवानगीने, पुढील प्रयोग करावा. प्रथम आरशासमोर बसून वर सांगितलेले सात भाव एकेक करून आणावेत. कोणता स्नायू ओढला जातो ते बोटाने चाचपावे. भीतीची भुवई बहुतेकांना साधत नाही. त्याने निराश होऊ नये. मग भावंडाचा भावशून्य चेहरा व एकेक भाव यांची छायाचित्रे घेऊन सारख्या आकाराच्या कार्डांवर चिकटवावीत. साधा, भावयुक्त, साधा अशी तीन कार्डे एकावर एक ठेवून पटकन पालटावीत आणि समोरच्याने भाव ओळखावा. मोबाइलवर चित्रण करणार असाल तर हिशेब ध्यानात ठेवा: साधारण चित्रणात सेकंदाला ३० चित्रे असतात, म्हणून पाचव्या भागाची मुद्रा ६ चित्रांत येईल आणि पंधराव्या भागाची केवळ २ चित्रांत. संथ चित्रणात सेकंदाला २४० चित्रे मिळाली तर त्याच मुद्रा अनुक्रमे ४८ व १६ चित्रांत पसरतील. उत्तराच्या वहीत दोन रकाने आखावेत, हा माझा आग्रह आहे: एकात 'काय दिसले', दुसऱ्यात 'कशामुळे असेल'. पहिला रकाना शाईने भरावा, दुसरा पेन्सिलीने. न सांगता कोणाचे चित्रण करू नये, हे निराळे सांगावयास नको.

वार्षिक परीक्षेत योगायोगाने पुन्हा त्याच वर्गावर माझी नेमणूक झाली. दुसरी घंटा होऊन गेल्यावर तोच मुलगा मान वर करून माझ्याकडे पाहू लागला, आणि त्याच्या भुवया पुन्हा क्षणभर एकमेकींकडे ओढल्या गेल्या. मी त्याच्या बाकाजवळ गेले आणि हळूच विचारले, "काय झाले रे?"

"काही नाही, बाई," तो म्हणाला, "पुरवणी हवी आहे. मागू की नको, ते कळेना."

मी त्याला दोन पुरवण्या दिल्या.